अकरा किलो

निघाले तेव्हा पाठीवरची पिशवी सात किलोची.
भाच्याने तोलून दिली, म्हणाला,
मावशी, गुडघ्याचा विचार कर.
मी केला. गुडघ्याने माझा केला नाही.

अंबोनच्या धक्क्याला जहाज लागलं सहा तास उशिरा.
डेकवर पोचले तोवर सगळं लोखंड चटयांनी व्यापलेलं.
पाय बांधलेले कोंबडे, तांदळाची पोती,
सुरळी केलेली एक गादी आणि तिला टेकून झोपलेली नवी नवरी.
मी उभी.
वेल्मिना नावाच्या बाईने चटईवरची टोपली मांडीवर घेतली
आणि मोकळ्या झालेल्या वीतभर जागेवर
दोनदा थाप मारली.

एक रात्र, एक दिवस त्या वितीत.

बोलायला भाषा नव्हती.
तिने दुखरं डोकं दाबत म्हटलं, कपाला.
मी माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ.
ती उठूनच बसली.
मनुसिया. माणूस.
काचा. काच.
गुला. गूळ, म्हणजे जवळपास गूळ, साखरेचा चुलतभाऊ.
शेजारच्या चटयांवरचे लोक सरकत जवळ आले,
जणू कुणी पत्ते पिसत होतं.
जेवताना तिने विचारलं, गाराम?
मी म्हटलं, हो हो, गरमच दे,
आणि भातावर पडलं मूठभर मीठ.
कोंबडेसुद्धा हसले असतील.

रात्री उशिरा, दिवे मालवल्यावर,
तिने कठड्यापलीकडच्या काळोखाकडे बोट केलं.
सुआमी, म्हणाली. मग, दुका.
या दोन शब्दांना
मला काही विचारावं लागलं नाही.

तिच्या घरी तुआलला नऊ दिवस राहिले. ठरले होते दोन.
तिचा भाचा योपी लांबच्या बेटावर न्यायला निघाला,
सोबत तानेल, एस्टोनियाचा,
नाक सोलवटलेलं, सावली शोधत फिरणारा मुलगा.
भर समुद्रात इंजिनाची तेलाची नळी फाटली.
योपीने शांतपणे माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि सुरीने खांद्याच्या पट्ट्याची एक चिंधी कापून घेतली.
तानेल शेवयांच्या पातेल्याने पाणी उपसत
आपल्या भाषेत मोजत होता.
एकशे चाळीसपर्यंत मीही मोजलं, मराठीत.
मग आम्ही शेंगदाण्याची चटणी काढली.
योपी म्हणाला, ही इंजिनात घातली तर?

बांदाला सल्माच्या झोपडीत जायफळं धुरावर वाळत होती.
मी बोटांनी दाखवलं: आमच्याकडे श्रीखंडात, किसणीवर दोन फेरे.
एवढंच? तिने विचारलं.
एवढंच.
फळाचं काय करता?
फळ आम्ही पाहिलेलंच नव्हतं.
बी पाहिलेली, डबीत, दिवाळीच्या सुमारास.
तिने साखरेत मुरवलेल्या फोडी माझ्या तोंडात कोंबल्या,
दोन मुठी जायपत्री पदराला, म्हणजे पदर नव्हताच,
रेनकोटाच्या टोपीत बांधून दिली,
आणि कितीतरी वेळ नवऱ्याला सांगत राहिली,
दोन फेरे! फक्त दोन फेरे!

परत अंबोन. विमानतळाचा काटा.
अकरा किलो.
दहाच चालतं, काउंटरवरची मुलगी म्हणाली, एक काढा.
मी पिशवी उघडली. एका बाजूचा पट्टा अर्धा.
आत जायपत्री, कनारीच्या बिया,
तानेलचा एक मोजा, का दिला ते त्यालाही माहीत नाही,
आणि वेल्मिनाने केळीच्या पानात गुंडाळलेला सुका मासा,
मी मासे खात नाही हे नऊ दिवस सांगूनही.

वास रांगभर पसरला.
मागचा माणूस खोकला.
मुलगी पुढे झुकली, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.
तुआल? तिने विचारलं.
तुआल. वेल्मिना.
तिने शिक्का खाली ठेवला,
खुर्ची पुढे ओढली.

कुठली वेल्मिना?